तीन रात्रींचा नियम

२०१६ साली ब्रिटनमधल्या एका आईवर संशय आला, की ती जोसेफ राउंट्री नावाच्या पुरुषाबरोबर राहते आणि ही गोष्ट तिने सरकारपासून लपवली आहे. राउंट्री म्हणजे यॉर्क शहरातले चॉकलेटचे बडे कारखानदार. क्वेकर पंथाचे, दानशूर, साध्या माणसांसाठी चांगल्या घरांचे गाव वसवणारे. स्थळात नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की ते १९२५ सालीच वारले होते. बाई राहत होती ते घर त्यांच्या नावाने चालणाऱ्या हाउसिंग ट्रस्टचे होते. पत्त्याशी ते नाव जुळले आणि तेवढ्यावरून बाईला नवरा मिळाला.

त्याच सुमारास आणखी एका कोवळ्या वयाच्या आईचे नाव ७४ वर्षांच्या मृत माणसाशी जोडले गेले. तिसरीच्या पदरी तर आर. एस. मॅकॉल हे पेपर आणि गोळ्या-चॉकलेटांचे दुकान पडले. या दुकानांचा मूळ मालक मॅकॉल हा स्कॉटलंडचा गाजलेला फुटबॉलपटू होता खरा, पण तोही १९५९ मध्येच गेलेला.

मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटची ही छाननी ब्रिटनच्या कर खात्याने २०१४ मध्ये कॉन्सेंट्रिक्स या खाजगी कंपनीकडे सोपवली होती. मोबदला ठरला होता तो वाचवलेल्या पैशाच्या हिशेबाने. २०१६ मध्ये संसदेत गदारोळ झाला, करार गुंडाळला गेला आणि ज्यांनी फेरविचार मागितला त्यांतल्या बहुतेकींचे पैसे पुन्हा सुरू झाले. संगणकाच्या माथी खापर फोडून सगळे मोकळे झाले. पण हा प्रश्न काही संगणकाला सुचलेला नव्हता, त्याला तो वारशाने मिळाला होता. एकट्या बाईला सरकारी पैसा मिळतो, मग तिच्या घरात पुरुष तर नाही ना, असे ब्रिटिश सरकार शंभर वर्षांहून जास्त काळ विचारत आले आहे. पेन्शनच्या कायद्यात हा प्रश्न पांढऱ्यावर काळा झाला तो राउंट्री वारले त्याच साली, १९२५ मध्ये.

त्याची सुरुवात मात्र युद्धात झाली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले, पुरुष झुंडीने भरती झाले आणि मागे राहिलेल्या बायकामुलांना सरकारने दर आठवड्याला भत्ता सुरू केला. भत्त्याचे अर्ज येऊ लागले तसे लक्षात आले, की कित्येक सैनिकांचा संसार आहे, मुले आहेत, पण लग्नच नाही. घटस्फोट ही त्या काळी पैसेवाल्यांची चैन होती. पहिला नवरा किंवा पहिली बायको कुठेतरी हयात असे, कायदा सोडवत नसे, आणि गिरणीतली, गोदीतली माणसे आपापल्या परीने नवा संसार थाटत. आपल्याकडे याला घरठाव हा चांगला रोखठोक शब्द आहे. इंग्रजांना मात्र नवीन शब्दप्रयोग घडवावा लागला: ‘बिनलग्नाची बायको’. सैनिक तिला आणि तिच्या मुलांना खरोखर पोसत होता एवढे सिद्ध झाले, की तिलाही भत्ता मिळू लागला. धर्ममार्तंडांनी नाके मुरडली. सरकारला तेव्हा नीतीपेक्षा भरतीची निकड होती.

पण त्याच १९१४ च्या शरदात दुसरा फतवा निघाला. भत्ता घेणाऱ्या बायका नीट वागतात की नाही, यावर पोलिसांनी लक्ष ठेवावे. दारू पिणारी, परपुरुषाशी संबंध ठेवणारी बाई ‘अपात्र’ आणि तिचा भत्ता बंद. सिल्व्हिया पँकहर्स्ट तेव्हा पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत काम करत होती. तिच्यासह अनेक स्त्री संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. नवरा देशासाठी खंदकात आणि देशाचा शिपाई त्याच्या दाराशी त्याच्या बायकोवर पहारा देतो, असे ते चित्र होते. हा भत्ता बाईचा हक्क, की नवऱ्याच्या वतीने तिच्या निष्ठेची सरकारने चुकवलेली किंमत? ब्रिटनने या प्रश्नाचे सरळ उत्तर तेव्हा दिले नाही आणि माझ्या मते आजतागायत दिलेले नाही.

१९२५ चा कायदा तसा पुरोगामी. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी अंदाजपत्रकात घोषणा केली, आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी विधेयक पार पाडले. कामगार नवऱ्याने विम्याची वर्गणी भरलेली असेल तर त्याच्या विधवेला आठवड्याला १० शिलिंग, थोरल्या मुलासाठी ५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी ३. पोरांना घेऊन गरीबखान्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा हे किती मोलाचे होते, ते वेगळे सांगायला नको. त्यात दोन अटी होत्या. विधवेने पुन्हा लग्न केले तर पेन्शन कायमची जाईल. आणि लग्न न करता एखाद्या पुरुषाबरोबर ती पत्नीसारखी राहत असेल, तर तेवढ्या काळापुरती थांबेल. वर्गणी भरून झालेली होती, भरणारा मेलेला होता, तरी पेन्शनची दोरी बाईच्या अंथरुणाला बांधलेली राहिली. नवा पुरुष तिला दमडी तरी देतो का, हे विचारण्याची गरज कायद्याला वाटली नाही. पुरुष आला म्हणजे पोशिंदा आला, हे त्याने धरूनच टाकले.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. याच इंग्रजांनी आपल्याकडे १८५६ मध्ये विधवापुनर्विवाहाचा कायदा केला तेव्हा त्याच्या दुसऱ्या कलमात लिहून ठेवले, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क ती जणू मेली असे समजून संपेल. ज्या जातींत पाट आणि मोहतर पिढ्यान्‌पिढ्या चालत होते, तिथल्या बायकांनाही हे लागू होते का? अलाहाबादच्या हायकोर्टाने नाही म्हटले. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये हो म्हटले. उलट, एकदा वारसा मिळाल्यावर विधवेचे पाऊल ‘घसरले’ म्हणून तो वारसा जात नाही, असा प्रिव्ही कौन्सिलचा १८८० चा निर्णय होता. म्हणजे मुंबई इलाख्यात उजळ माथ्याने पाट लावणारीची जमीन जायची आणि गुपचूप घरठाव करणारीची राहायची. लंडनमधल्या विधवेला पुढे दोन्ही वाटा बंद झाल्या. आणि ही फार जुनी गोष्ट आहे असे म्हणून निसटता येणार नाही. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतरही चालू राहायचा असेल तर वीरपत्नीने दिराशीच लग्न करावे, ही अट आपल्या संरक्षण मंत्रालयाने काढली ती २०१७ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्य आले. १९४८ मध्ये गरीब कायदा गेला, राष्ट्रीय साहाय्य आले. १९६६ मध्ये त्याची जागा पूरक भत्त्याने आणि तो सांभाळणाऱ्या आयोगाने घेतली. नवऱ्याने टाकलेली, घटस्फोटित, कुमारी माता अशा बायका आता विम्यावर नाही तर या भत्त्यावर जगू लागल्या. इथे नियम आणखी कडक होता. नवरा-बायको एका घरात असतील तर दोघांच्या गरजा आणि मिळकत एकत्र मोजायची आणि अर्ज पुरुषानेच करायचा. ‘नवरा-बायकोसारखे’ राहणाऱ्यांनाही तेच. घरात पुरुष आहे असे ठरले, की बाईचा भत्ता कमी होत नसे, तिचा अर्जच नाहीसा होत असे. बायकांना जोडप्याच्या वतीने अर्ज करण्याची मुभा मिळाली १९८३ च्या नोव्हेंबरात, तीही युरोपच्या समानतेच्या निर्देशामुळे.

आयोगाची बाजूही ऐकायला हवी. १९७१ च्या आपल्या अहवालात त्याने विचारले: लग्न करून राहणाऱ्या जोडप्यातल्या बाईला स्वतंत्र भत्ता मिळत नाही, मग शेजारच्या घरात लग्नाशिवाय तसेच राहणारीला का मिळावा? लग्न केल्याची शिक्षा का? प्रश्न बिनतोड वाटतो. त्यात फट एकच आहे. लग्नाच्या बायकोला नवऱ्याकडून पोटगी मागण्याचा कायदेशीर हक्क होता, तिच्या मागे कोर्ट होते. बिनलग्नाच्या बाईला त्या पुरुषाकडून, विशेषतः दुसऱ्याच्या मुलांसाठी, एक पेनी मागण्याचा हक्क नव्हता. सरकारने हात काढून घेतला आणि ज्याच्या गळ्यात तिला बांधले त्याच्यावर कसलेच बंधन घातले नाही.

हे ठरवणार कोण? आयोगाच्या पदरी खास चौकशी अधिकारी असत. कागदपत्रांत, वृत्तपत्रांत आणि बायकांच्या तक्रारींत त्यांची जी पद्धत दिसते ती थोडक्यात अशी: निनावी पत्र येते. अधिकारी सकाळच्या प्रहरी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी लावून बसतो. दारातून कोण बाहेर पडते, किती वाजता, हातात डबा आहे का. मग शेजारीपाजारी विचारपूस. मग घरी भेट. न्हाणीघरात दाढीचे सामान, दोरीवर पुरुषी कपडे, दाराशी मोठ्या मापाचे बूट. अनेकींची तक्रार होती, की निर्णय व्हायच्या आधीच भत्त्याचे पुस्तक काढून घेतले जाई. हे पुस्तक म्हणजे दर आठवड्याला पोस्टात एक पान फाडून पैसे घेण्याचे साधन. ते गेले की सोमवारचे दूध गेले.

रूथ लिस्टर ही तेव्हा विशीतली तरुणी, बालदारिद्र्याविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेत नोकरीला होती. तिने १९७३ मध्ये अशा प्रकरणांचा अभ्यास छापला आणि या नियमावर सरळ बोट ठेवले. पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या परिषदेत स्त्रीमुक्ती चळवळीने आपली पाचवी मागणी ठरवली, कायदेशीर आणि आर्थिक स्वातंत्र्याची. मागणीमागे इतर कारणे होतीच, पण भत्त्यातला हा नियम सगळ्यांत झोंबणारा होता. सरकारने १९७७ मध्ये काय केले? ‘सहवास’ या अर्थाचा जुना, वास मारणारा शब्द काढला आणि ‘पती-पत्नी म्हणून एकत्र राहणे’ असा नवा घातला. पाटी बदलली, दुकान तेच.

याच काळात अटलांटिकपलीकडे गाडी जास्त वेगाने धावली. १३ जानेवारी १९६३ च्या रविवारी भल्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीने भत्ता घेणाऱ्या आयांच्या घरांवर एकाच वेळी धाड घातली. समाजसेवकांच्या जोड्या केल्या, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. खाटा, कपाटे, न्हाणीघर, सगळीकडे पुरुष शोधायचा. बेनी पॅरिश नावाच्या समाजसेवकाने जायला नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. पॅरिशला दिसत नव्हते. खाटेखाली डोकावण्याच्या मोहिमेवर आंधळ्या माणसाला पाठवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल, देव जाणे. १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: भत्ता हवा तर झडती सोसा, अशी अट घालता येत नाही. पुढच्याच वर्षी अलाबामातल्या मिसेस स्मिथ या चार मुलांच्या आईचा खटला थेट वॉशिंग्टनला गेला. शनिवार-रविवारी तिच्याकडे येणारा माणूस स्वतः विवाहित, नऊ पोरांचा बाप होता. तरी अलाबामाने त्याला तिच्या मुलांचा ‘पर्यायी बाप’ ठरवून तिची मदत तोडली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की ज्याच्यावर पोसण्याची कायदेशीर जबाबदारी आहे तोच बाप. आईच्या अंथरुणावरून मुलांची भाकरी काढून घेता येणार नाही, असा त्याचा मराठी अर्थ. ब्रिटनमध्ये असा एकहाती निकाल कधीच लागला नाही. तिथे ही लढाई तुकड्यातुकड्याने, अपिलांच्या खोल्यांतून लढली गेली.

त्या खोल्या साध्या असत. एक टेबल, पलीकडे तीन माणसे, त्यांतला एक कामगार संघटनांनी सुचवलेला. अध्यक्षाने कायदा शिकलेला असावाच असे नव्हते. वकिलासाठी सरकारी मदत नाही. प्राध्यापक कॅथलीन बेल यांनी १९७५ मध्ये सरकारसाठीच या न्यायाधिकरणांचा अभ्यास केला आणि कारभाराचे वाभाडे निघाले. तेव्हापासून ती हळूहळू खऱ्या न्यायालयांच्या वळणावर गेली, वर दाद मागण्याची पायरी झाली, आणि २००८ पासून सामाजिक हक्कांचा वेगळा कक्ष असलेले आजचे न्यायाधिकरण आहे.

या इतिहासातली दोन प्रकरणे भत्त्यांबद्दल सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. १९८२ च्या निकालसंग्रहात ती शेजारी-शेजारी छापली आहेत, क्रेक आणि बटरवर्थ. क्रेकबाई नवऱ्याला सोडून दुसऱ्या पुरुषाच्या घरी आल्या, आपण त्याचे घर सांभाळायला आलो असे त्यांचे म्हणणे. बटरवर्थबाईंना रस्त्यावर मोठा अपघात झाला, हालचाल होईना, म्हणून ओळखीचा पुरुष देखभालीला त्यांच्या घरी राहायला आला. झोपायच्या खोल्या वेगळ्या. दोघींच्याही घरी एक छप्पर, एक चूल, घरात एक बाई आणि एक पुरुष. क्रेक हरल्या, बटरवर्थ जिंकल्या. न्यायमूर्ती वुल्फ, जे पुढे इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले, त्यांचा मुद्दा सोपा होता. दोघे एका घरात राहतात एवढे पुरे नाही. ते तिथे कशासाठी राहतात तेही बघा. आजारी माणसाची सेवा करणारा म्हणजे नवरा नव्हे.

भत्ते देणाऱ्या खात्याच्याच मार्गदर्शिकेतल्या सहा कसोट्यांना वुल्फ यांनी चांगले दिशादर्शक म्हणून मान दिला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच वापरात आहेत: घर एकच आहे का, नाते टिकाऊ आहे का, पैसा एकत्र आहे का, शरीरसंबंध आहेत का, मुले आहेत का, आणि लोकांपुढे ते जोडपे म्हणून वावरतात का. एकाच कसोटीवर निकाल लागत नाही, सगळे मिळून चित्र बघायचे. आपल्याकडे रेशन कार्ड फोडताना तलाठी विचारतो, चूल एक की दोन? जनगणनेतही एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. इंग्रजांचा कायदा चुलीपाशी थांबत नाही, तो माजघरात शिरतो. गंमत अशी की सहापैकी पैशाची कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत सुसंगत. तो तिला पोसतो का, एवढाच तर मूळ प्रश्न होता. पण सरकारी कागदांत ती इतर पाचांच्या गर्दीत उभी असते.

भत्ता बंद होणे हे पहिले संकट. दुसरे त्याहून मोठे. अधिकारी ठरवतो, की हा पुरुष आज नाही, तीन वर्षांपासून इथे राहतो. मग तीन वर्षांचा पैसा परत करा. आपल्या सरकारी मराठीत याला ‘अतिप्रदान’ म्हणतात आणि पेन्शनवर असलेल्या कुणालाही तो शब्द ऐकून धडकी भरते. महिन्याला मोजून मापून जगणाऱ्या बाईच्या हातात हजारो पौंडांची वसुली येते.

१९९२ च्या कायद्यात मात्र तिच्या बाजूने एक पक्की भिंत होती. तिने खोटे सांगितले असेल किंवा सांगायला हवी ती गोष्ट लपवली असेल, तरच वसुली. खात्याची स्वतःची चूक असेल तर वसुली नाही. चालू असलेला भत्ता मागे जाऊन रद्द करायचा, तर तो चुकीचा होता हे खात्याने सिद्ध करायचे. आणि तिसरी गोष्ट, जी अपील करणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असायची: समजा ते दोघे खरोखर एकत्र राहत होते, तरी जोडपे म्हणून अर्ज केला असता तर त्यांना काही रक्कम मिळालीच असती. तो पुरुष बेकार असेल तर चांगली मिळाली असती. ती वजा करून उरेल तेवढेच कर्ज. कित्येक प्रकरणांत ‘पुरुष राहत होता का’ या वादात बाई हरायची आणि या वजाबाकीत जिंकायची.

अपिलाचे बाड उघडले की आत काय असते? पानांवर क्रमांक घातलेले दीड-दोनशे कागद. कर्जनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा उतारा, त्यात या पत्त्यावर त्याचे नाव. गाडीच्या विम्यावर हाच पत्ता. शाळेच्या अर्जात ‘तातडीचा संपर्क’ म्हणून त्याचा फोन नंबर. फेसबुकवरचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो, मुले मध्ये, दोघे दोन टोकांना. बहुतेक वेळा हा पुरुष मुलांचा बापच असतो. वेगळा झालेला, स्वतःचे घर नसलेला, कधी आईच्या सोफ्यावर, कधी मित्राकडे झोपणारा. टपाल कुठेतरी यायला हवे म्हणून जुना पत्ता त्याने बदललेलाच नसतो.

बाईच्या बाजूचे कागद वेगळे असतात. तिच्या खात्याची विवरणपत्रे, ज्यात त्याचा एक पौंडही आलेला नाही. त्याच्या आईचे पत्र. त्याच्या डॉक्टरकडे नोंदलेला दुसरा पत्ता. न्यायाधीश टेबलापलीकडून विचारतो: बाजारहाट कोण करते? त्याचे कपडे कोण धुते? तो आजारी पडला तर तुम्हाला कोण कळवते? तुमच्या आईच्या साठाव्या वाढदिवसाला तो होता का? प्रश्न साधे असतात आणि उत्तर देताना माणूस अडखळतो, कारण आपण जोडपे आहोत की नाही हे ज्यांचे त्यांनाच धड ठाऊक नसते. ‘कधीकधी राहतो’ हे जगातले सर्वांत खरे उत्तर आणि सर्वांत धोक्याचेही.

२००५ च्या डिसेंबरात ब्रिटनने समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीची मान्यता दिली. त्याच दिवसापासून एका घरात जोडपे म्हणून राहणाऱ्या दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची मिळकतही एकत्र मोजली जाऊ लागली. समतेचे पहिले बिल ताबडतोब आले.

पण सरकारला बिनलग्नाचे जोडपे दिसते ते पैसे कापताना. पैसे द्यायच्या वेळी काय होते, ते उत्तर आयर्लंडमधल्या शिव्हॉन मॅक्लॉफ्लिन यांनी कोर्टात दाखवून दिले. जॉन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर त्यांनी जवळपास २३ वर्षे संसार केला. मुले चार. लग्न केले नाही, कारण पुन्हा लग्न करणार नाही असा शब्द जॉन यांनी पहिल्या पत्नीला दिला होता. २०१४ च्या जानेवारीत जॉन वारले. विम्याची वर्गणी त्यांनी पुरेशी भरलेली होती. शिव्हॉन यांनी मुलांसाठी विधवा पालकाचा भत्ता मागितला, तर उत्तर आले: तुमचे लग्न झालेले नव्हते. त्या लग्नाच्या विधवा असत्या आणि पुढे कुणाबरोबर लग्नाशिवाय राहिल्या असत्या, तर याच भत्त्याच्या नियमाने तो बंद झाला असता. तोडायला बिनलग्नाचा संसार चालतो, जोडायला चालत नाही. ३० ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हा नियम मुलांच्या मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. सरकारने कायदा दुरुस्त केला २०२३ च्या फेब्रुवारीत. १९१४ मध्ये भरतीच्या घाईत काही आठवड्यांत जे जमले होते, त्याला या वेळी साडेचार वर्षे लागली.

दरम्यान १९९२ ची ती भिंत पडली आहे. २०१३ पासून जुन्या भत्त्यांची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली आणि त्याच्या कायद्यात जादा गेलेली प्रत्येक रक्कम वसूल करता येते, चूक बाईची असो की खात्याची. ‘मी काही लपवले नाही’ हा बचाव आता अपिलात उपयोगाचा नाही. उरला तो एकच वाद: तो पुरुष तिथे राहत होता का, आणि असेल तर नवऱ्यासारखा का. म्हणजे सगळा भार पुन्हा १९२५ च्या त्याच प्रश्नावर येऊन पडला आहे. निर्णयाचे पत्र आल्यापासून एक महिन्यात आधी खात्याकडेच फेरविचार मागायचा, तो फेटाळला की पुढच्या एक महिन्यात न्यायाधिकरणाकडे जायचे. या दोन पायऱ्यांत किती जणी गळतात, ते पत्र हातात पडल्याच्या संध्याकाळी त्यांचे घर पाहिले तर समजेल.

ब्रिटनमधल्या वस्त्यांत मात्र बायकांनी आपल्यापुरता एक कायदा करून ठेवला आहे. मित्र आठवड्यातून तीन रात्रींपेक्षा कमी राहिला तर भत्त्याला धक्का लागत नाही. आया मुलींना सांगतात, मैत्रिणी मैत्रिणींना सांगतात, सल्ला केंद्रात आलेली बाई पहिल्या पाच मिनिटांत विचारते. काहीजणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रात्री मोजून खुणा करतात, आणि मग तेच कॅलेंडर अपिलाच्या बाडात पुरावा म्हणून लागते. एक रात्र राहणारा जोडीदार ठरू शकतो, सात रात्री राहणारा भाडेकरू असू शकतो. १९२५ पासून आजपर्यंत यातल्या एकाही कायद्यात रात्रींचा आकडा दिलेला नाही.